काठीचं पुढचं टोक

१

जालन्याच्या तलावाकाठी एक वाट होती, आणि तिच्यासारखी सोपी वाट साऱ्या मुलखात नव्हती. कुणा तालुकदारसाहेबांच्या बेगमेचे गुडघे धरले होते. हकिमानं सांगितलं, रोज पाण्याच्या हवेत चाला. झालं, साहेबांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फरशी टाकून घेतली. ना चढ, ना उतार, ना पायरी. बेगमसाहेबा जेमतेम एक हिवाळा चालल्या असतील, तेवढ्यात साहेबांची बदली झाली. वाट तेवढी गावाला राहिली. म्हातारे, दमेकरी, नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या बाया, सगळ्यांना तीच वाट. निजामाचं राज्य होतं, बाहेर कुठं तरी मोठी लढाई चालली होती, घासलेट मिळत नव्हतं. पण सकाळी पाळीवर फिरायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

वाट अर्ध्यावर आली की तलाव गावाच्या बाजूला आत शिरायचा. पाण्याचा तो भाग गोल आणि उथळ होता, म्हणून लोक त्याला तलावाचं पोट म्हणायचे. तिथं पुरुषभर उंचीची पाणकणसं, लव्हाळा आणि माणूस रुतेल असा काळा गाळ. वाट पोटाला वळसा घालून पुढं घाटापाशी संपायची.

या वाटेवर द्वारकाबाई रोज सकाळी नवऱ्याला घेऊन यायची. नवरा बद्रीनाथ. लग्नात वऱ्हाड्यांनी दोघांची नावं ऐकून खूप चेष्टा केली होती, की आता या घराला यात्रेला जायची गरजच नाही. बद्रीनाथ नव्या जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. काळ्या मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले आणि तो कोपऱ्यात बसला तो बसलाच. लेकरू झालं नव्हतं, भाऊबंद नावापुरते. द्वारकाबाईला साऱ्या जगात हा एक माणूस होता आणि तो भिंतीकडे तोंड करून दिवस ढकलत होता.

दवाखान्यात नेलं तर तिथं वेगळंच नाटक. गुलाम नबी कंपाउंडर नाव विचारायला लागला आणि द्वारकाबाईनं पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? लग्नात बायकांनी दार अडवलं म्हणून एकदा उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर जन्मात नाही.

"हिमालयातला देव," ती म्हणाली.

"बाई, मला काय मालूम तुमचे देव? केदारनाथ?"

"त्याच्या शेजारचा."

रांगेतली माणसं हसायला लागली. बद्रीनाथ शेजारीच बसला होता, त्यानं सांगायला काय हरकत होती? पण डोळे गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. "सांग की," तो म्हणाला, "मी बी ऐकतो." तिनं नाही म्हणजे नाही सांगितलं. शेवटी गुलाम नबीनंच कुणाला तरी विचारून लिहून घेतलं आणि सल्ला दिला. "डोळ्यांचं काही होणार न्हाई. पण यांना चालवा, न्हाई तर पाय बी जातील. तलावाची वाट बिलकुल सपाट हाये. आंधळ्याला बी जमंल."

आणि जमलं. वेळूची एक लांब काठी. पुढचं टोक तिच्या हातात, मागचं त्याच्या. हाताला वेळू बोचू नये म्हणून तिनं आपल्या टोकाला लुगड्याची लाल चिंधी गुंडाळली होती. ती पुढं, तो मागं. तो विचारायचा, "द्वारके, बगळे आले का?" ती म्हणायची, "आलेत." कधी आलेले नसले तरी म्हणायची. त्याला बगळ्यांची हौस होती आणि खोटं बोलायला तिचं काय जात होतं?

दोन-तीन महिन्यांत माणूस बदलला. जेवायला लागला, चेष्टा करायला लागला, रात्री बायकोला जिनिंगमधल्या गमती सांगायला लागला. द्वारकाबाई मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बेगमेच्या गुडघ्यांना दुवा द्यायची.

२

दिवाळी सरली आणि सकाळचं धुकं पडायला लागलं. एका सकाळी पोटाच्या वळणावर काठीला मागून हिसका बसला. बद्रीनाथ थांबला होता.

"ओ," तो म्हणाला. "कोण हाये?"

द्वारकाबाईनं वळून पाहिलं. मागं वाट मोकळी होती.

"कुणाला ओ देऊन राह्यले?"

"हाक मारली की कुणी तरी. नावानं."

"मला न्हाई आली ऐकू."

"बराबर आली. बद्रीनाथ, अशी. पाण्याकडून."

पाण्याकडं होती पाणकणसं. त्यांची तपकिरी बोंडं धुक्यात ओली होऊन वाकली होती. जिनिंगमधला कुणी ओळखीचा पलीकडच्या काठावरून हाक मारत असेल, पाण्यावरून आवाज लांब जातो, असं तिनं ठरवलं आणि काठी ओढली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्यानं पुन्हा ओ दिली. तिसऱ्या दिवशीही.

"बाईचा आवाज हाये," तो म्हणाला.

"अस्सं? कोण हाये ती? मला बी कळू द्या," ती म्हणाली. चेष्टेतच म्हणाली.

तो हसला नाही. मान तिरकी करून त्यानं बराच वेळ कान दिला. मग हळूच म्हणाला, "तुझ्यासारखा हाये आवाज."

आता हे ऐकून कुणाला बरं वाटेल? द्वारकाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ती धीराची बाई होती आणि तिला एक साधी गोष्ट सुचली.

"मी कधी तुमचं नाव घेतलंय का?"

"दवाखान्यात देवाला हिमालयात पाठवलं, पण घेतलं न्हाईस."

"मंग झालं तर. नावानं हाक आली की ती मी न्हाई. आवाज माझा असू द्या, न्हाई तर माझ्या आईचा. ओ द्यायची न्हाई. तिकडं पाऊल टाकायचं न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की."

"माझी शपथ घ्या."

त्यानं काठीवर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. कसं सोपं काम झालं, असंही तिला वाटलं.

३

तरी तिनं विचारून पाहिलं. गुलाम नबी म्हणाला, "डोळे गेले की कान तेज होतात बाई. नसलेलं बी ऐकू येतं. माझ्या अब्बांना येत होतं. फिकीर करू नका." हे तिला पटलं. पटवून घ्यायचं होतंच.

साळूबाई भोईण घाटावर उकडलेले शिंगाडे घेऊन बसायची. तिच्या घरचे सगळे तलावात शिंगाड्याच्या वेली लावायचे. द्वारकाबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की पोटात पाणी एवढं उथळ, मग तिथं वेली का दिसत नाहीत?

साळूबाईनं शिंगाडे झाकले. "तिथं आमी लावत न्हाई."

"कामून?"

"सासऱ्याच्या येळपासून न्हाई लावत. कामून ते मी इचारलं न्हाई, अन् त्यांनी सांगितलं न्हाई." मग तिनंच विचारलं, "तुमच्या मालकानं ओ दिली का?"

द्वारकाबाईनं तिला हाकेचं सांगितलंच नव्हतं. ती तशीच उठली.

त्या दिवसापासून तिनं वाट बदलली. बाजारपेठेच्या रस्त्यानं त्याला न्यायला लागली. तिथं खड्डे, गुरं, सरकीच्या गाड्या, लोकांचे धक्के. चार दिवसांत एका बैलगाडीचं चाक त्याच्या अंगाला घासून गेलं आणि तो तोंडावर पडला. ओठ फुटला. गाडीवान वर त्यालाच ओरडला, "डोळे फुटले का?" आणि बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाला, "व्हय बाबा, फुटलेत."

घरी आल्यावर तो कोपऱ्यात गेला. भिंतीकडे तोंड. भाकरी पुढं ठेवली तर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. द्वारकाबाई चुलीपुढं बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हा माणूस असाच बसून संपणार, हे तिला लख्ख दिसलं. न ऐकलेल्या हाकेपेक्षा तिला त्या पाठीचं भय जास्त वाटलं.

"उद्या तलावावर जाऊ," ती म्हणाली.

पाठ हलली. "जल्दी उठवशील मंग," तो म्हणाला आणि भाकरीकडे वळला.

४

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. पोटापाशी ती श्वास रोखायची आणि घाटावर पोचलं की विचारायची, "आली का?"

"न्हाई. आता येत न्हाई हाक."

खरंच येत नसावी. तो थांबत नव्हता, मान तिरकी करत नव्हता. उलट वळणावर त्याची चाल हलकी व्हायची. शपथेनं काम केलं, असं तिनं धरलं. वळणापासून घाटापर्यंत मात्र ती तोंड मिटून चालायची. नुसतं चालायचं आणि पार व्हायचं.

एका दुपारी ती अंगणात धुणं वाळत घालता घालता आत आली. खोलीत अंधार होता, खिडकी लहान होती. बद्रीनाथ भिंतीला टेकून बसला होता, यावेळी तोंड दाराकडे. तो स्वतःशीच हसत होता.

"काय झालं हसायला?"

"काही न्हाई. सकाळी वाटेवर लई गोड बोलत होतीस, ते आठवलं."

तिच्या हातात ओलं धोतर तसंच राहिलं. "कधी?"

"वळणावर. रोजच बोलतेस की आताशा. अवो, ऐकलं का, अशी. लग्न झालं तव्हा बोलायचीस ना हळू, सासू ऐकंल म्हणून, तशी."

बाहेर धुण्याचं पाणी ठिबकत होतं. तेवढाच आवाज होता. ती वळणावर बोलत नव्हती. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

"काय म्हणत होते मी?"

"आता तूच इचारतेस? म्हणत होतीस, इकडं जागा कोरडी हाये. इकडं बसू जरा." त्याचा चेहरा इतका निवांत होता की तिला रडू आलं. "मी मनात म्हणलं, बसू एक दिवस."

नावानं हाक मारून काम होत नाही, एवढं कुणाला तरी कळलं होतं. वाटेवर ती नवऱ्याला कशी हाक मारते, हे कुणी तरी कान देऊन ऐकलं होतं. की गुलाम नबी म्हणतो तसं सगळं याच्याच डोक्यात होतं? डोळे गेलेल्या माणसाला जुने दिवस ऐकू येत असतील. तिनं स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी ती पिळलेलं धोतर परत पिळत राहिली.

"उद्या जायचं न्हाई," ती म्हणाली. "माझा पाय दुखून राह्यला."

त्यानं चाचपून काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "तू ऱ्हा घरी. मी जातो. वाट पायाला पाठ झाली आता."

आणि सकाळी तिला जाग आली तेव्हा तो दारात उभा होता, काठी हातात, मागचं टोक नीट धरून. पुढचं टोक उंबऱ्याबाहेर होतं. द्वारकाबाईनं धावत जाऊन ते धरलं.

५

त्या सकाळी धुकं असं होतं की पायाखालची फरशी तेवढी दिसत होती. पाळीवर दुसरं कुणी नव्हतं.

"मी हात धरते तुमचा," ती म्हणाली.

"अगं, येडी का खुळी? लोक काय म्हणतील?"

नवऱ्याचा हात धरून बाई चारचौघांत चालत नव्हती, तो काळ तसा होता. धुक्यात कोण चारचौघं बघायला बसले होते? पण त्यानं हात दिला नाही आणि तिनंही फार लावून धरलं नाही. पुढं आयुष्यभर तिला या एका गोष्टीचं दुःख होणार होतं. तिनं काठी घट्ट पकडली, चिंधीसकट.

"बोलत ऱ्हा," ती म्हणाली. "वळण जाईस्तोवर बोलत ऱ्हा माझ्याशी."

तो बोलत राहिला. जिनिंगमधल्या कारभाऱ्यानं एकदा रुईच्या ढिगात पागोटं हरवलं होतं, ती गोष्ट. तिनं ती खूपदा ऐकली होती आणि आता ती गोष्ट संपू नये असं तिला वाटत होतं. डाव्या हाताला पाणकणसं दिसायला लागली. पाण्यावर एक पाणकोंबडी कुरकुरली आणि गप्प झाली.

तेवढ्यात पदर ओढला गेला. कुणी तरी गुरं येऊ नयेत म्हणून कडेला बाभळीची फांदी टाकली होती आणि पदर तिच्या काट्यांत गुंतला होता. एका हातानं निघेना. तिनं काठी काखेत दाबली आणि दोन्ही हातांनी काटा सोडवायला वाकली.

काठी काखेतून निसटली, की कुणी काढून घेतली, हे तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही. एवढं मात्र तिच्या कानांनी नोंदवलं की फरशीवर वेळू पडल्याचा आवाज आला नाही.

तिनं वर पाहिलं. बद्रीनाथ तिला मागं टाकून पुढं गेला होता. काठी त्याच्यापुढं आडवी होती, ताणलेली, कमरेच्या उंचीला, रोज असते तशी. लाल चिंधी धुक्यात पुढं पुढं चालली होती. चिंधीभोवती कुणाची तरी मूठ असावी तशी ती दाबली गेली होती. त्यापुढं धुकं होतं.

"अवो," ती म्हणाली. "अवो, थांबा."

पुढून, धुक्यातून, तिचाच आवाज आला. "अवो, ऐकलं का?"

बद्रीनाथ थांबला. त्यानं मान मागं वळवली, मग पुढं.

"द्वारके?"

"मी इथं हाये. मागं. काठी सोडा."

"मी इथं हाये," पुढचा आवाज म्हणाला, सावकाश, जरा हसून. "चला."

आपला आवाज असा दुसरीकडून ऐकू आला की माणसाला आपलाच भरवसा राहत नाही. द्वारकाबाईला क्षणभर वाटलं, आपण खरंच पुढं तर नाही ना? पदर अजून काट्यात होता. तिनं जोरात ओढला. टर्रकन फाटला. ती सुटली तोवर तो वाटेच्या कडेला पोचला होता. एक पाऊल टाकलं असतं तर गवत, पुढं लव्हाळा.

"अवो, मी हाये, मी," ती ओरडली.

"अवो, मी हाये," पुढून आलं.

काय म्हटलं तर याला कळेल? जे ती म्हणेल ते पुढून येत होतं. तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही, फक्त याला थांबवायचं. आणि जी हाक जन्मात मारली नाही ती तिच्या तोंडून निघाली.

"बद्रीनाथ!"

तो जागच्या जागी थिजला. पुढून काहीच आलं नाही. सगळा तलाव गप्प झाला. द्वारकाबाईला वाटलं, जिंकलं, आता तो वळेल.

तो वळला. आंधळे डोळे बरोबर तिच्याकडे लागले होते. चेहऱ्यावर भय होतं, इतकं भय तिनं त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तो तिलाच भ्याला होता.

"न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझी बायको माझं नाव घेत न्हाई."

त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली.

"द्वारके, जल्दी चल," तो पुढं बघून म्हणाला. "ती मागं आलीय."

ती पळाली. तिचा हात त्याच्या सदऱ्याला लागलाही असेल. लव्हाळा दुभंगला आणि पुन्हा मिटला. गाळात पाय पडल्याचा, उपसल्याचा आवाज काही वेळ येत राहिला, दोन माणसांच्या पावलांचा, एकामागं एक.

६

भोयांनी पोटातला सगळा गाळ बांबूंनी ढवळून काढला. गुलाम नबी दवाखाना सोडून दिवसभर काठावर उभा होता. माणूस मिळाला नाही. काठी मिळाली, पाणकणसांच्या आत, पाण्यावर आडवी. मागचं टोक, तो धरायचा ते, चिखलानं भरलं होतं. पुढच्या टोकाची लाल चिंधी कोरडी होती.

टेंभुर्णीहून तिचा भाऊ न्यायला आला. ती गेली नाही. पोलिसांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं ते न अडखळता सांगितलं आणि शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग ती पुन्हा वाटेवर जायला लागली. रोज सकाळी, काठीचं पुढचं टोक हातात घेऊन. मागचं टोक फरशीवर घासत यायचं, खरखर, खरखर. लोक बाजूला व्हायचे. डोकं फिरलं बिचारीचं, म्हणायचे. साळूबाई शिंगाडे झाकून तोंड फिरवायची. कुणाचं चुकत होतं?

हिवाळा संपत आला होता. सकाळ लख्ख होती, धुक्याचा मागमूस नव्हता. द्वारकाबाई वळणावर आली आणि मागची खरखर थांबली. तिला वाटलं, काठी फरशीच्या फटीत अडकली. पण काठी अडकली नव्हती. मागून उचलली गेली होती. वेळूला ते ओळखीचं ओझं आलं, एका हाताचं.

ती चालत राहिली. मागं वळून पाहायला मान तयार होईना. मागं पावलं होती. ओली पावलं होती.

"द्वारके," मागून बद्रीनाथचा आवाज आला. "बगळे आले का?"

आवाजाचं काय खरं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ओ द्यायची न्हाई, हे तिनंच शिकवलं होतं. समोर पाणी नुसतं चमकत होतं, साऱ्या तलावावर एक बगळा नव्हता.

"ओ," ती म्हणाली. "आलेत."

काठीला मागून हळूच ओढ लागली, डाव्या हाताला, जिकडे पाणकणसं होती.